अकरा मीटर

उद्धवराव गव्हाण्यांनी एकतीस वर्षं लोखंडाचे खटके ओढले. मराठवाड्यातल्या बोरजाई रोड या आडवळणी स्टेशनावर रुळांच्या कडेला एक दुमजली केबिन होती. तिच्या वरच्या मजल्यावर छातीएवढ्या उंचीचे चोवीस खटके ओळीनं उभे असत. एक ओढला की तारेच्या जोरावर लांबचा सिग्नल हलायचा, दुसरा ओढला की सांधा सरकायचा आणि गाडीची वाट बदलायची. निवृत्त झाल्यावर ते आणि यशोदाबाई काळेवाडीत मुलाकडे राहायला आले. मुलगा अजिंक्य चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला होता, आणि सून दिव्या तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगचं काम बघायची. रेल्वेचे सिग्नल आणि सांधे आता ज्या इलेक्ट्रॉनिक कपाटांवर चालतात, ती कपाटं तिथं बनायची.

सासऱ्यांचं आणि सुनेचं बरं जमायचं. दोघांचा धंदा एकच, फक्त एकाचा जुना आणि एकीचा नवा. उद्धवराव तिला चिडवायचे, "तुमच्या त्या डब्याला काय कळतंय बाई? खटका ओढला की हाताला समजतं, सांधा बसला का नाही ते." दिव्या हसून सोडून द्यायची.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मामा, नवीन कपाट कुठल्या स्टेशनाचं आलंय, ओळखा."

"मला काय ठाव?"

"बोरजाई रोड."

उद्धवरावांचा घास हातातच राहिला. यशोदाबाईंनी मात्र टाळी वाजवली. "अगं बाई! आपलं बोरजाई?"

"तुमची केबिन बंद होणार आता. स्टेशन मास्तर खोलीत बसून स्क्रीनवर सगळं करतील. दीड महिन्यात आमच्याकडून माल जायचाय." दिव्या भाकरी मोडत बोलत होती. "पण एवढं नवीन करून एक दुखणं राहणारच. तुमची लूप लाइन आखूड आहे, मामा. पूर्ण लांबीची मालगाडी आत मावत नाही. म्हणून ती अलीकडच्या स्टेशनावर अडकवून ठेवायची, आणि तिच्या पायी पॅसेंजर पाऊण पाऊण तास उभी. एकेरी मार्ग, करणार काय? बरं, लूप वाढवावी म्हटलं तर एका बाजूला नदीचा पूल, दुसऱ्या बाजूला फाटक. अकरा मीटर कमी पडतायत. फक्त अकरा!"

उद्धवरावांनी पाण्याचा तांब्या पुढं ओढला.

"गंमत म्हणजे लूप मुळात आखूड नव्हतीच," दिव्या पुढे म्हणाली. "दगड सरकवलाय."

हा दगड म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. दोन रूळ जिथं एकमेकांपासून फुटतात, तिथं त्यांच्या मधोमध एक पांढरा दगड पुरलेला असतो. लूपवर, म्हणजे मुख्य लाइनला फुटलेल्या बाजूच्या रुळावर, उभ्या असलेल्या गाडीचं शेपूट त्या दगडाच्या आत आलं, तरच शेजारच्या मुख्य लाइनवरून दुसरी गाडी सुखरूप जाते. शेपूट बाहेर राहिलं तर जाणारी गाडी त्याला घासते.

"फायलीत कागद आहे," दिव्या म्हणाली. "सत्त्याण्णव साली अपघात झाला. मालगाडीचा शेवटचा, गार्डाचा डबा पॅसेंजरच्या इंजिनानं घासला. गार्डाचा पाय गेला. धडकेनं डबा जागचा हलला होता, म्हणून केबिनमधल्या, खटके ओढणाऱ्या लिव्हरमनचाच जबाब धरला, की डबा दगडाच्या आत होता. आत असून घासला, म्हणजे दगडच चुकीच्या जागी असणार. साहेब लोकांनी मापं घेतली, ती काठावर निघाली, जोखीम कोण घेणार? दिला अकरा मीटर आत ढकलून. तुम्ही तेव्हा तिथंच होता ना? ड्यूटीवर कोण होतं?"

"हेच होते की," यशोदाबाई पटकन म्हणाल्या. "आठ दिवस धड जेवले नव्हते."

दिव्या ओशाळली. "सॉरी मामा, मला माहीत नव्हतं."

"धुकं होतं," एवढंच म्हणून उद्धवराव हात धुवायला उठले.

धुकं होतंच, ते खोटं नव्हतं. जानेवारीतली पहाट होती आणि हाडं गोठवणारी थंडी. मालगाडी लूपवर घेतली तेव्हा तिचे डबे खडखडत पुढे गेले आणि थांबले. नियम असा, की केबिनची खिडकी उघडायची, वाकून बघायचं, गार्डाचा डबा दगडाच्या आत आल्याची खात्री करायची आणि मगच मुख्य लाइन मोकळी करायची. खिडकी उघडली की गार वारा सुरीसारखा आत यायचा. उद्धवरावांनी त्या दिवशी खिडकी उघडली नाही. कंटाळा केला, बस. रोज येते तशी आत आलीच असेल गाडी, असं धरून त्यांनी सांधा फिरवला, सिग्नल ओढला. मिनिटभरातच ऐकू आलेला आवाज त्यांच्या कानातून पुढं कधीच गेला नाही.

चौकशीत साहेबानं विचारलं, "डबा दगडाच्या आत होता का?" समोर नोकरी होती, घरी तीन वर्षांचा अजिंक्य होता. "आत होता साहेब. मी खिडकीतून बघितला," असं ते म्हणाले. एकदा बोललेला शब्द मागे घ्यायला जी हिंमत लागते, ती त्यांना पुढच्या सत्तावीस वर्षांत झाली नाही. खोटं बोलल्याची टोचणी होती. पण त्या खोट्यानं दगड सरकला, आणि त्या दगडापायी इतकी वर्षं रोज माणसांनी भरलेल्या गाड्या तिष्ठत उभ्या राहिल्या, हा हिशेब त्यांनी कधी मांडलाच नव्हता. दिव्यानं तो भाकरी मोडता मोडता समोर ठेवला.

सासरे गप्प गप्प राहतात हे दिव्याच्या ध्यानात आलं. आपण जुनी जखम उकरली असं वाटून शनिवारी ती त्यांना कारखाना दाखवायला घेऊन गेली. मालक अण्णासाहेब तळवड्याचेच, जुन्या शेतकरी घरातले. स्वतःच्याच वावरात त्यांनी शेड उभी केली होती. "आरं या या, पाव्हणं!" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. "तुमच्यावाणी मानसानं बगायलाच पायजे. आमी निस्ती कपाटं करतो, गाड्या तुमी हाकल्यात."

आत हॉलमध्ये बोरजाई रोड मांडून ठेवलं होतं. खरे रूळ नव्हते, पण एका लांब फळीवर स्टेशनचा नकाशा होता, आणि प्रत्येक सांध्याला, प्रत्येक सिग्नलला एक दिवा आणि एक बटण. बटण दाबून गाडी आल्याचं सोंग करायचं आणि कपाट काय करतं ते तपासायचं, हे दिव्याचं काम. उद्धवरावांनी फळीवरून बोट फिरवलं. ही लूप, ही मुख्य लाइन, हा पुलाकडचा सिग्नल. सगळं ओळखीचं.

"मामा, तुम्ही याला फसवून दाखवा," दिव्या म्हणाली.

मग तासभर त्या म्हाताऱ्यानं काय काय केलं! समोरासमोरून दोन गाड्यांना एकच वाट मागितली. सांधा अर्धवट ठेवून सिग्नल मागितला. फाटक उघडं ठेवलं. कपाट दर वेळी नाही म्हणायचं, स्क्रीनवर लाल पट्टी यायची. अण्णासाहेब मांडीवर थाप मारून हसायचे. उद्धवरावही हसले, दोनदा.

शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मालगाडी लूपवर घेतली, आणि समज शेपूट दगडाच्या बाहेर राहिलं. मग?"

"करून बघा ना. रुळाला चाकं मोजणारी यंत्रं लावतात. आत जायला हवी तेवढी चाकं मोजून झाली नाहीत, तर ते मुख्य लाइन देणारच नाही."

उद्धवरावांनी मालगाडी आत घेतली. दिव्यानं शेवटची चार चाकं बाहेर ठेवली. उद्धवरावांनी मुख्य लाइनचा सिग्नल मागितला. कपाटानं नकार दिला. त्यांनी पुन्हा मागितला, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा मागितला, तरी नकारच.

"याला थंडी वाजत न्हाई," ते पुटपुटले.

"काय म्हणालात, मामा?"

"काही न्हाई. चल, घरी जाऊ."

रविवारी सकाळी ते एकटेच निघाले. सोपानराव, ज्यांचा पाय गेला तो गार्ड, आता चाकणजवळ मेदनकरवाडीत मुलाकडे राहायचे. दिवाळीला एक फोन, कधी कुणाच्या लग्नात भेट, इतपत संबंध राहिला होता. समोर आले की उद्धवरावांची नजर त्यांच्या डाव्या पायावर जायची आणि बोलणं आटपायचं. भोसरीत बस बदलून, मोशीपुढच्या कंटेनरांच्या रांगेत तासभर अडकून ते पोचले, तेव्हा सोपानराव दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. जयपूर फूटवर पांढरा मोजा होता.

"उद्धवा? वाट चुकलास व्हय रे?"

उद्धवराव बसले नाहीत. बसलो तर धीर खचेल, असं त्यांना वाटलं. उभ्या उभ्याच ते बोलले, "सोपानराव, त्या दिवशी मी खिडकी उघडली नव्हती. डबा आत आला का न्हाई ते बघितलंच न्हाई. चौकशीत खोटं बोललो. तुमचा पाय माझ्यामुळं गेला."

सोपानरावांनी पेपरची घडी घातली. ती गुडघ्यावर ठेवली. 

"मला सांगायलास?" ते म्हणाले. "मी डब्यात उभा होतो, लेका. दगड माझ्या पुढं होता, सात-आठ पावलांवर. डबा बाहेर होता हे माझ्याएवढं कुणाला ठाव असणार? मी लाल बत्ती उचलून खाली उतरतच होतो, तेवढ्यात तुझा सिग्नल पडला."

उद्धवरावांनी विचारलं, "मग चौकशीत तुम्ही..."

"आठवत न्हाई म्हणलो. दवाखान्यात यशोदा वहिनी आल्या होत्या पोराला काखेत घेऊन. त्या काही बोलल्या न्हाईत, निस्त्या रडल्या. मी म्हणलं, माझा पाय तर गेलाच, आता याची भाकर कामून घालवायची?" त्यांचा आवाज चढला. "पण मला वाटलं होतं, तू येशील. महिन्यानं येशील, वर्षानं येशील. सत्तावीस वर्षं लागली तुला? दर दिवाळीला फोन घेताना वाटायचं, आज बोलतोय. आणि तू विचारायचास, पाऊसपाणी कसं हाय!"

उद्धवराव आता खाली पायरीवरच बसले. त्यांना रडूही येईना. सोपानरावांनीही त्यांना उठ म्हटलं नाही. आतून सोपानरावांच्या सुनेनं चहा आणून ठेवला, दोघांचे चेहरे बघून ती मुकाट्यानं परत गेली.

चहावर साय धरली तेव्हा सोपानरावांनी विचारलं, "आजच कामून आलास?"

उद्धवरावांनी सगळं सांगितलं. दिव्याचं कपाट, सरकवलेला दगड, अकरा मीटर, अडकून पडणाऱ्या गाड्या. सोपानराव कान देऊन ऐकत होते. गार्डाचं मन ते. गाड्या अडतात म्हटल्यावर त्यांचा राग बाजूला सरला.

"म्हणजे दगड जुन्या जागी बरोबर होता?"

"तुम्हीच सांगा. तुम्ही बघितलंय."

"माझ्या पंधरा वर्षांत जुन्या दगडाच्या आत उभी असलेली एक गाडी घासली न्हाई." सोपानरावांनी कप उचलला. "आण कागद. तू लिही, खाली मीही लिहितो. मी खोटं बोललो तेही लिहितो. आणि चहा पी आता, गार झाला."

सोमवारी कारखान्यात रेल्वेचे सिग्नल इन्स्पेक्टर येणार होते. प्रज्वल नावाचे, पस्तिशीतले, मोजकं बोलणारे गृहस्थ. उद्धवरावांनी सकाळीच दिव्याला आणि यशोदाबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. यशोदाबाई म्हणाल्या, "मला तरी सांगायचं होतं," आणि तोंड फिरवून पोळ्या लाटायला लागल्या. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.  दिव्यानं स्कूटर काढली आणि मागं वळून म्हणाली, "बसा, मामा."

प्रज्वल साहेबांनी कागद दोनदा वाचला. अण्णासाहेब दारात उभे होते.

"तुम्हाला कळतंय ना, हे तुमच्याच विरुद्ध आहे?" साहेबांनी विचारलं.

"कळतंय साहेब."

"आणि तुमच्या सांगण्यावरून मी दगड हलवणार नाही. मागच्या वेळी तेच झालं होतं."

हे वाक्य उद्धवरावांना लागलं, पण त्यांनी मान हलवली. "हलवू नका. मोजा. या वेळी कुणाच्या शब्दावर जाऊ नका."

साहेबांनी त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. मग दिव्याला म्हणाले, "मोजणीत जुनी जागा बरोबर निघाली, तर लूपची लांबी बदलेल, चाकं मोजणारी यंत्रं सरकतील, नकाशा बदलेल. तुमच्या सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. तयारी आहे?"

दिव्यानं अण्णासाहेबांकडे बघितलं. माल पाठवायची तारीख त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"तीन आठवडं जात्याल," ते म्हणाले. "माज्या आज्याची जिमीन एकदा चुकीच्या मोजणीनं बांधापल्याड ग्येली व्हती. परत मिळवाया चाळीस वर्सं लागली. चूक हाय ती आत्ताच काढा, सायेब. कपाट थांबतंय."

मोजणी झाली. नव्या यंत्रांनी रुळांमधलं अंतर, वळण, डब्यांची रुंदी, सगळं बघितलं, आणि एकदा नव्हे तर तीनदा. जुनी जागा बरोबर होती, काठावर नव्हे, चांगली हातभर सवड ठेवून. दगड हलवण्याचा हुकूम निघाला. दिव्यानं आणि तिच्या दोन जोडीदारांनी तीन आठवडे ओव्हरटाइम करून चारशेच्या वर टेस्ट पुन्हा केल्या. त्या दिवसांत उद्धवराव तिचा डबा घेऊन तळवड्याला जायचे आणि हॉलच्या कोपऱ्यात बसून लाल पट्ट्या बघायचे.

त्यांना बोलावणंही आलं. एका अधिकाऱ्यासमोर त्यांनी तोच जबाब पुन्हा दिला. महिनाभरानं घरी पत्र आलं: निवेदन नोंदीस घेतले, प्रकरण जुने असल्याने कारवाई नाही. पेन्शन शाबूत राहिली म्हणून अजिंक्यनं पेढे आणले. उद्धवरावांना पेढा गोड लागला नाही. काहीतरी शिक्षा व्हायला हवी होती, असं त्यांना आतून वाटत राहिलं. यशोदाबाईंनी ते ओळखलं. त्या म्हणाल्या, "शिक्षा पायजे ना? मग बोरजाईला चला माझ्यासंगं. तिथल्या लोकांच्या तोंडाकडं बघून या."

फेब्रुवारीत बोरजाई रोडला नवी यंत्रणा सुरू झाली. दिव्याला कामासाठी जायचंच होतं. उद्धवराव, यशोदाबाई आणि काठी टेकत सोपानराव आदल्या दिवशी पोचले. केबिनच्या खटक्यांच्या तारा सोडवून गुंडाळून ठेवल्या होत्या. उद्धवराव वर गेले नाहीत. खालूनच त्यांनी एकदा बघून घेतलं.

दुपारी सव्वादोनला पूर्ण लांबीची मालगाडी आली. प्लॅटफॉर्मवर गावातले पन्नासेक लोक, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, कॉलेजची पोरं, सगळे उभे होते. गाडी लूपवर वळली. डबे संपता संपेनात. सोपानराव काठी आपटत मोजत होते आणि छप्पन्ननंतर, गार्डाचा डबा जवळ येऊ लागला तसा, त्यांचा आवाज बारीक झाला. गाडी थांबली. आत, नव्या खोलीत, दिव्या स्क्रीनसमोर उभी होती. शेवटचं चाक मोजलं गेलं. लूपची पट्टी पूर्ण भरली आणि मुख्य लाइन मोकळी झाली. स्टेशन मास्तरांनी बटण दाबलं, या वेळी कपाटानं हो म्हटलं.

आठ मिनिटांनी पॅसेंजर आली, वेळेवर. भाजीवाल्या गिरजाबाई चढता चढता ओरडल्या, "अगं बाई, आज घड्याळ पुढं गेलंय का काय!" लोक हसले. गाडी सुटली. मालगाडीच्या शेजारून, मधे हातभर हवा ठेवून, ती निघून गेली. सोपानराव तिच्या शेवटच्या डब्यापर्यंत बघत उभे होते. मग त्यांनी उद्धवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. काठी टेकायला सोपं जावं म्हणून ठेवला की आणखी कशासाठी, हे उद्धवरावांना कळलं नाही. त्यांनी खांदा मात्र हलवला नाही.

चहाच्या वेळी प्रज्वल साहेब आले. त्यांच्याबरोबर नव्यानं लागलेले चौघं जण होते, दोन मुली आणि दोन मुलगे, गळ्यात ओळखपत्रं. "हे उद्यापासून इथं बसतील," साहेब म्हणाले. "यंत्र सगळं करतं म्हणून यांना आता निवांत झोपावंसं वाटेल. तुम्ही यांना सांगाल का, तेव्हा काय झालं होतं ते?"

उद्धवरावांनी यशोदाबाईंकडे बघितलं. त्यांनी मानेनंच सांगा म्हटलं.

"जानेवारी होता," उद्धवराव म्हणाले. "पहाटेचे पाच वाजले होते. थंडी अशी, की..."

"पाच न्हाई," सोपानराव मधेच म्हणाले. "पावणेसहा. सांगायचं तर नीट सांग."

"बरं, पावणेसहा," म्हणून उद्धवरावांनी खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.